मिनिकॉय बेट आणि तिथली गावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२४ पासून लक्षद्वीपबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातलं बहुतेक अगत्ती आणि बंगाराम ही बेटं, पांढरी वाळू आणि स्नॉर्केलिंग एवढ्यापुरतंच होतं. दक्षिण टोकाला एकट्या पडलेल्या मिनिकॉयबद्दल, तिथल्या गावांबद्दल आणि माणसांबद्दल फार थोडं वाचायला मिळतं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. घाईत असाल तर निदान गावांबद्दलचं आणि मासेमारीबद्दलचं उत्तर वाचा. बाकीचं सगळं त्या दोन गोष्टींवर उभं आहे.

## मिनिकॉय नेमकं कुठे आहे?

अरबी समुद्रात, विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण सव्वाआठ अंशांवर, कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर. लक्षद्वीपची वस्ती असलेली बाकीची बेटं वर उत्तरेला आहेत. त्यांतलं सर्वांत जवळचं कल्पेनीसुद्धा इथून २०० किलोमीटर लांब पडतं. मधून 'नाइन डिग्री चॅनल' हा जहाजांचा मोठा मार्ग जातो. मिनिकॉयच्या खाली 'एट डिग्री चॅनल' आहे आणि तो ओलांडला की मालदीवची उत्तरेकडची बेटं लागतात. म्हणजे इथल्या माणसाला कल्पेनीपेक्षा मालदीव जवळ.

बेट चंद्रकोरीच्या आकाराचं, दहा-अकरा किलोमीटर लांब आणि अगदी अरुंद. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरही भरत नाही. पूर्वेला उघडा समुद्र आणि पश्चिमेला प्रवाळभिंतीने अडवलेलं उथळ, शांत लगून. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या दहा हजारांवर थोडी होती. नैर्ऋत्येला विरिंगिली नावाचं चिमुकलं निर्जन बेट आहे. कुष्ठरोग झालेल्यांना पूर्वी तिथे नेऊन ठेवत.

स्थानिक लोक आपल्या बेटाला मलिकू म्हणतात. मिनिकॉय हे नाव बाहेरच्यांचं.

## हे एक गाव आहे की अनेक?

अनेक. आणि मिनिकॉय कळायचं असेल तर सुरुवात इथूनच करायला हवी.

वस्ती बेटाच्या मधल्या भागात, लगूनच्या बाजूला दाटीने आहे. बाहेरून आलेल्याला ते एकच मोठं गाव वाटतं. एका घराची भिंत संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. प्रत्यक्षात ती अकरा वेगळी गावं आहेत. गावाला तिथे 'अवाह' म्हणतात. बडा, औमागू, बोडुअतिरी, रम्मेडू, फुनहिलोल, कुडेही, केंडीपार्टी ही त्यांतली काही. प्रत्येकाची हद्द ठरलेली आणि तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली.

गावाचा प्रमुख म्हणजे 'बोडुकाका'. त्याला गाव निवडतं. बायकांच्या बाजूची प्रमुख वेगळी, ती 'बोडुदाता'. ही पदं शोभेची नाहीत. गावाची बोट समुद्रात ढकलायची असो किंवा वर ओढायची असो, किनारा झाडायचा असो, कुणाकडे लग्न असो, पाहुणे यायचे असोत, की दोन घरांत वाद झालेला असो, आधी विचारणा या दोघांकडे होते. गावाचं स्वतःचं सामायिक घर असतं. रंगवलेलं, सजवलेलं, एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्याहून नीट ठेवलेलं. बैठका तिथे होतात, पाहुण्यांचा पाहुणचार तिथे होतो. आणि त्या घराची झाडलोट करायला पगारी माणूस नसतो.

सरकारी यंत्रणा या सगळ्याच्या वर आहेच. मिनिकॉयला डेप्युटी कलेक्टरचं कार्यालय आहे, पोलीस ठाणं आहे, शाळा आणि दवाखाना आहे. पण कार्यालय कागद चालवतं आणि रोजचं जगणं अवाह चालवते. कोकणातल्या वाड्यांमध्ये गावकी बघितलेल्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की आपल्याकडे गावकीत बायकांचा आवाज क्वचित ऐकू येतो, तिथे त्यांची स्वतंत्र फळी आहे.

## तिथे बायकांचं राज्य आहे, हे खरं का?

'राज्य' हा शब्द पर्यटन पुस्तिकांनी चिकटवलेला आहे. वस्तुस्थिती त्याहून साधी आणि माझ्या मते जास्त विचार करण्याजोगी आहे.

लक्षद्वीपमध्ये घराणं आईकडून चालतं. मिनिकॉयमध्येही लग्नानंतर मुलगी घर सोडत नाही, नवरा तिच्या घरी येतो. घराचं नाव मुलींकडून पुढे जातं. पुरुष मासेमारीला जातात किंवा जहाजावर नोकरीला लागून महिनोन्‌महिने बाहेर असतात. त्यामुळे घर, पैसा, मुलांचं शिक्षण, नातेवाइकांची ये-जा, गावातली देवाणघेवाण हे सगळं बायका बघतात. आणि हे सगळं, समाज पूर्णपणे मुस्लिम असताना, धर्म काटेकोरपणे पाळत असताना. 'मुस्लिम समाज म्हणजे असाच' असं ठरवून बसलेल्यांनी मिनिकॉयकडे एकदा नीट बघावं. लक्षद्वीपवर कित्येक शतकं सत्ता असलेल्या कन्नूरच्या अरक्कल या मुस्लिम राजघराण्यातही गादीवर वयाने सर्वांत मोठी व्यक्ती बसत असे. पुरुष असला तर 'अली राजा', स्त्री असली तर 'बीबी'.

मार्को पोलोने वर्णन केलेलं 'स्त्रियांचं बेट' म्हणजेच मिनिकॉय, असं वाक्य जागोजागी छापलेलं दिसतं. मला ते पटत नाही. पोलोने ते बेट मकरान किनाऱ्याच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याच्या, दक्षिणेला सांगितलं आहे आणि त्याच्याही पुढे येमेनकडचं सोकोत्रा बेट. ती दिशा मिनिकॉयची नाही. शिवाय त्याच्या गोष्टीत नवरे एका बेटावर आणि बायका दुसऱ्या बेटावर राहतात. मिनिकॉयमध्ये घर एकच असतं, फक्त ते बाईचं असतं.

## भाषा कोणती? मल्याळम का?

नाही. लक्षद्वीपच्या इतर बेटांवर मल्याळमला जवळची जेसरी बोलली जाते. मिनिकॉयची भाषा महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीचीच एक बोली. ती सिंहलीला जवळची, भारतीय-आर्य कुळातली. म्हणजे भाषांच्या वंशावळीत ती मल्याळमपेक्षा मराठीची जवळची नातलग ठरते.

लिपीचं नाव ताना. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी अंकांवरून घेतलेली आहेत आणि पुढची नऊ जुन्या स्थानिक अंकांवरून. आकड्यांपासून अक्षरं घडवलेली लिपी जगात क्वचितच सापडते आणि ती भारतातल्या एका बेटावर वापरात आहे. आपल्या शाळांत ही गोष्ट कुणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं.

शाळेत आणि सरकारी कामात मल्याळम, इंग्रजी, हिंदी चालतात. तरुणांशी हिंदीत बोलायला अडचण येत नाही.

## मग हे बेट मालदीवचं की भारताचं?

भारताचं, आणि त्यावर आज वाद नाही. १९७६ मध्ये भारत आणि मालदीव यांच्यात सागरी हद्दीचा करार झाला आणि मिनिकॉय हद्दीच्या अलीकडे आहे.

नातं मात्र जुनं आहे. मालदीवहून आलेल्या दोन राजकन्यांनी इथे वस्ती केली आणि आधीचे मच्छीमार बेट सोडून सिलोनकडे गेले, अशी लोककथा सांगतात. मालदीवच्या सुलतानांकडून बेट अरक्कल घराण्याकडे गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्णपणे ब्रिटिशांकडे आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला केंद्रशासित प्रदेश झाला तेव्हा त्याच्या लांबलचक नावात मिनिकॉय स्वतंत्रपणे होतं : लक्कदीव, मिनिकॉय आणि अमिनदीवी बेटं. १९७३ मध्ये त्या सगळ्याचं 'लक्षद्वीप' झालं.

## लोकांची उपजीविका कशावर चालते?

टुनावर. नारळ आहे, नोकऱ्या आहेत, जहाजावरून येणारा पगार आहे. पण मिनिकॉयचा कणा टुनाच. आपल्याकडे कुपा, गेदर म्हणून जे मासे विकले जातात ते याच कुळातले. मिनिकॉयचा मुख्य मासा म्हणजे पोटावर काळसर पट्टे असलेला स्किपजॅक टुना.

तो पकडायची पद्धत इथे शतकानुशतकं एकच आहे : काठी, दोरी आणि गळ. टुनासाठी जाळं नाही. पहाटे बोट आधी लगूनमध्ये जाते. तिथे प्रवाळांच्या आसपास बोटभर लांबीचे चंदेरी मासे असतात. ते बारीक जाळ्याने जिवंत धरायचे आणि बोटीच्या पोटातल्या हौदात सोडायचे. या हौदाच्या तळाला भोकं ठेवलेली असतात, त्यांतून समुद्राचं ताजं पाणी सतत खेळतं आणि आमिष मरत नाही. मग बोट प्रवाळभिंतीबाहेर पडते. तांडेलाचं लक्ष पाण्यावर कमी आणि आभाळात जास्त. पक्ष्यांचा थवा एका जागी घिरट्या घालून सूर मारत असला की खाली टुनाचा कळप आहे.

कळप गाठला की जिवंत आमिष मुठीमुठीने पाण्यात टाकतात. त्याच वेळी बोटीवरून पाण्याचे बारीक फवारे उडवतात. पृष्ठभाग असा तडतडला की लहान माशांची झुंड वर आली आहे असं टुनाला वाटतं आणि तो बेभान होऊन चावत सुटतो. बोटीच्या मागच्या फळीवर गडी ओळीने उभे असतात, प्रत्येकाच्या हातात लांब बांबू. गळाला उलटा काटा नसतो. मासा चावला की एका हिसक्यात डोक्यावरून मागे, मासा आपोआप सुटून फळीवर, आणि गळ परत पाण्यात. कळप हाताशी असतो तो थोडाच वेळ, त्यात हे सगळं उरकायचं असतं.

या पद्धतीत नको असलेला मासा जवळजवळ येत नाही. कासव अडकत नाही, डॉल्फिन मरत नाही, समुद्राचा तळ खरवडला जात नाही. जगभर आज 'शाश्वत मासेमारी'ची भाषा चालते, परिषदा भरतात. मिनिकॉयचे मच्छीमार ते आजोबा-पणजोबांपासून करत आले आहेत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. बाहेरचा मोठा मासा लगूनमधल्या छोट्या माशावर अवलंबून आहे आणि तो छोटा मासा जिवंत प्रवाळावर. लगून बिघडलं की आमिष नाही. आमिष नाही तर बाहेर टुनाचे कळप उड्या मारत असले तरी बोट काठावरच राहणार. म्हणून मिनिकॉयमध्ये लगूनमध्ये काय करायचं आणि काय नाही हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. पर्यटनाच्या किंवा बांधकामाच्या योजना आखणाऱ्यांनी सर्वांत आधी हे समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

पावसाळ्यात, जून ते ऑगस्टपर्यंत, समुद्र खवळलेला असतो आणि मासेमारी जवळपास थांबते. बोटींची डागडुजी तेव्हा होते.

## 'मास' म्हणजे काय? सुकटीसारखं काही का?

तसंच, पण जास्त खटपटीचं. टुनाचं डोकं आणि आतडी काढून त्याचे लांब तुकडे करतात, ते मिठाच्या पाण्यात शिजवतात, मग धुरी देतात आणि उन्हात वाळवतात. शेवटी उरतो तो लाकडासारखा कडक, काळसर तुकडा. तो महिनोन्‌महिने टिकतो. बर्फ नव्हता, शीतगृहं नव्हती, तेव्हा उष्ण कटिबंधातल्या बेटावर मासा टिकवायची ही शहाणी युक्ती होती. किसून किंवा कुटून, ओल्या नारळाबरोबर, कांदा-मिरचीबरोबर भातावर घेतात. श्रीलंकेच्या स्वयंपाकात हाच पदार्थ मालदीवहून जाऊन पक्का बसला आहे आणि जपानी लोक याच माशाचा जवळजवळ असाच तुकडा किसून सार करतात. शिजवलेल्या माशाचं पाणी आटवून घट्ट काळा रस्साही करतात. त्याचा वास पहिल्यांदा अंगावर येतो, पण चव फार खोल असते.

मासा डब्यात भरणारा कारखाना मिनिकॉयला १९६९ पासून आहे. तरीही घराघरांतून होणारं मास बंद पडलेलं नाही आणि त्या कामात बायकांचा हात मोठा आहे.

मासे न खाणाऱ्यांसाठी : भात, नारळ, केळी, पपई, शेवगा, आणि माडाच्या गोड रसापासून केलेला गूळ मिळतो. भाजीपाला बराचसा जहाजाने मुख्य भूमीवरून येतो, त्यामुळे जहाज लांबलं की बाजार रिकामा. शाकाहारी माणसाने ही तयारी ठेवूनच जावं.

## इथले पुरुष जहाजावर काम करतात असं ऐकलं, ते खरं का?

अगदी खरं. मिनिकॉयचा खलाशी व्यापारी जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोलकाता आणि मुंबई ही बंदरं इथल्या घरांतून रोज बोलली जाणारी नावं. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतून माणसं बोटीवर गेली त्यांना हे जगणं समजावून सांगायला नको : वर्षातले थोडे महिने घरी, बाकी मनीऑर्डर आणि वाट बघणं.

या दर्यावर्दी परंपरेतलं सर्वांत मोठं नाव अली मणिकफान यांचं. जन्म १९३८, मिनिकॉयचाच. औपचारिक शिक्षण फारसं नाही, तरी स्वतः शिकून अनेक भाषा आत्मसात केल्या. सागरी मत्स्य संशोधनात काम केलं, आणि माशाच्या एका जातीला त्यांचं नाव मिळालं : अबुडेफडफ मणिकफानी. १९८० मध्ये ओमानमधल्या सूर इथे 'सोहार' नावाचं जहाज बांधलं गेलं. ब्रिटिश प्रवासी-लेखक टिम सेव्हरिन यांना सिंदबादच्या काळातल्या पद्धतीच्या जहाजातून चीनपर्यंत जायचं होतं. एकही खिळा न वापरता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून ते जहाज उभं राहिलं. त्या बांधणीत मणिकफान आणि लक्षद्वीपचे कारागीर होते. जहाज ओमानहून निघून १९८१ मध्ये चीनला पोहोचलं. २०२१ मध्ये मणिकफान यांना पद्मश्री जाहीर झाली. इतक्या उशिरा का, हा प्रश्न मला पडतो.

## बेटावर एवढं मोठं दीपगृह कशासाठी?

जहाजं आपटत होती म्हणून. प्रवाळभिंत पाण्याच्या जेमतेम खाली असते आणि बेट इतकं सपाट की रात्री दिसत नाही. १८६२ मध्ये 'कोलंबो' हे मोठं प्रवासी जहाज इथेच फुटलं. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि या पट्ट्यातली वाहतूक एकदम वाढली. ब्रिटिशांनी १८८५ मध्ये बांधलेलं ते पांढरं दीपगृह आजही उभं आहे आणि चालू आहे. वर चढता येतं तेव्हा जरूर चढा. एका बाजूला फिकट हिरवं लगून, दुसऱ्या बाजूला गडद निळा समुद्र आणि मधे माडांची अरुंद पट्टी दिसते. बेट किती थोडं आहे ते तिथून कळतं.

## पावसाच्या बातम्यांत मिनिकॉयचं नाव का येतं?

कारण मान्सून केरळात आला हे जाहीर करताना हवामान विभाग ज्या चौदा केंद्रांचा पाऊस मोजतो, त्यांत मिनिकॉय पहिलं आहे. १० मेनंतर या चौदांपैकी साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला आणि वाऱ्याच्या, ढगांच्या अटीही जुळल्या, की मान्सूनचं आगमन जाहीर होतं. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी ज्या बातमीकडे डोळे लावून बसतो, तिच्यातली एक नोंद या बेटावरून येते.

वादळंही येतात. डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला ओखी चक्रीवादळ मिनिकॉयच्या जवळून गेलं. तेच पुढे उत्तरेला सरकत कमजोर झालं आणि त्याच्या पावसामुळे ५ डिसेंबरला मुंबईतल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुंबईकरांना ती अचानकची सुट्टी आठवत असेल. मिनिकॉयने त्याआधी तीन-चार दिवस त्याच वादळाचा जोर सोसला होता.

## नदी नाही, डोंगर नाही. प्यायचं पाणी कुठून येतं?

पावसातून. प्रवाळी वाळूतून पाऊस खाली झिरपतो आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं. विहिरी त्या थरापर्यंतच खणायच्या. पंप लावून जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर बिघडते. शौचखड्ड्यांचं पाणीही याच थरात मिसळतं, त्यामुळे दाट वस्तीत धोका असतो.

२०११ पासून इथे समुद्राचं पाणी गोडं करणारं संयंत्र आहे, क्षमता दिवसाला एक लाख लिटर. वरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करतात आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंडगार पाण्याने ती पुन्हा द्रव करतात. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने ते उभारलं. भारतीय अभियंत्यांचं हे काम आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

## बेटापुढच्या खऱ्या अडचणी कोणत्या?

पहिली आणि सर्वांत मोठी, समुद्राचं तापणं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांचं मोठ्या प्रमाणावर विरंजन झालं, २०२४ मध्ये पुन्हा झालं. पाणी बराच काळ नेहमीपेक्षा गरम राहिलं की प्रवाळ आपल्या शरीरातली शेवाळं बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि तसंच राहिलं तर मरतं. दोन तडाख्यांमधला काळ कमी होत चालल्याने सावरायला वेळ मिळत नाही. आमिषाचे मासे, टुना, चूल ही साखळी वर सांगितलीच आहे. शिवाय लाटांचा मार झेलणारी भिंत हीच असते. समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनेक मीटर उंचीच्या बेटाला दुसरं संरक्षण नाही.

दुसरी अडचण म्हणजे आजारपणातलं अंतर. गंभीर रुग्णाला बेटाबाहेर न्यायचं तर हवामान आणि वाहन दोन्ही जुळावं लागतं.

६ मार्च २०२४ ला नौदलाने इथे 'आयएनएस जटायू' हा तळ सुरू केला. मोठ्या सागरी मार्गांवरची ही जागा पाहता त्याची गरज समजते. विमानतळाचा प्रस्तावही आहे आणि तो झाला तर रुग्णांची मोठी सोय होईल. पण पाच चौरस किलोमीटरच्या आतल्या बेटावर प्रत्येक बांधकाम कुणाच्या तरी माडांच्या जागेवर किंवा लगूनच्या काठावर येतं. म्हणून अवाहंना आधी विचारलं जावं, कागदावर नव्हे तर खरोखर.

## जायचं कसं? परवाना लागतो का?

लागतो, भारतीयांनाही. लक्षद्वीप प्रशासनाकडून प्रवेश परवाना घेतल्याशिवाय जहाजावर चढता येत नाही. कोचीच्या विलिंग्डन बेटावर प्रशासनाचं कार्यालय आहे. मिनिकॉयला विमानतळ नाही. लक्षद्वीपची विमानं अगत्तीला उतरतात आणि तिथून मिनिकॉय फार लांब. त्यामुळे कोचीहून जहाज हाच सरळ मार्ग. प्रवास एका रात्रीहून जास्त लागू शकतो. प्रशासनाच्या पर्यटन संस्थेच्या सहलींतूनही मिनिकॉयला जाता येतं. वेळापत्रकं बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी ताजी माहिती घ्या आणि परतीच्या तिकिटापुढे दोन-तीन दिवस हातात ठेवा. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा.

## गावात फिरताना काय पाळावं?

दारू नेऊ नका. लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे आणि तिला अपवाद बंगारामचा, मिनिकॉयचा नाही. गावातून फिरताना अंगभर कपडे घाला. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरतेच. बायकांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. एखाद्या गावाच्या सामायिक घरात बोलावलं तर जा, ते मानाने बोलावणं असतं, आणि तिथे बोडुकाकांशी ओळख करून घ्या. प्लॅस्टिक परत घेऊन या. बेटावर कचरा टाकायला जागाच नाही.

## बोटींच्या शर्यती आणि नाच कधी बघायला मिळतात?

जहाधोनी म्हणजे लांब, निमुळत्या, रंगीत वल्हवायच्या बोटी. त्या गावाच्या मालकीच्या असतात आणि शर्यत गावागावांत लागते. रंगरंगोटी, वल्हेकऱ्यांची निवड, सराव, सगळं गाव मिळून. काठावरच्या बायकांचा आरडाओरडा वल्हेकऱ्यांपेक्षा कमी नसतो. लावा हा नाच रंगीबेरंगी पोशाखात, डोक्यावर सजवलेला मुकुट घालून, ढोलाच्या तालावर पुरुष करतात. सणावाराला, उत्सवात आणि मोठ्या पाहुण्यांच्या स्वागताला हे दोन्ही होतं. ठरावीक तारीख धरून जाण्यापेक्षा परवाना काढतानाच चौकशी करा.

## तिथून काय आणता येईल?

मास आणा, नीट गुंडाळलेलं असलं तर वास येत नाही आणि घरी बराच काळ पुरतं. माडाच्या रसाचा गूळ आणा. थेट घरातून विकत घेतलं तर पैसा बाईच्या हातात जातो. प्रवाळाचा तुकडा मात्र आणू नका, किनाऱ्यावर मेलेला पडलेला असला तरीही. प्रवाळ आणि समुद्रकाकडी (समुद्रतळावरचा एक प्राणी) वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात; जहाजावर चढताना सामान तपासलं जातं आणि पकडलं गेल्यास गुन्हा दाखल होतो.